याअत्स: सल्ला, मसलत आणि ठराव एकाच धातूत

यहूदाचा राजा अमस्या अदोमी लोकांवर विजय मिळवून परतला, तो त्यांच्याच मूर्ती सोबत घेऊन. यरुशलेमेत आणून त्यांना धूप दाखवू लागला. एका संदेष्ट्याने जाब विचारला, तेव्हा राजाने त्याचं बोलणं मधेच तोडलं: तुला राजाचा मंत्री कुणी नेमलं? गप्प बस, उगाच मार का खातोस? संदेष्टा थांबला, पण जाताना सांगून गेला की देवाने तुझा नाश ठरवला आहे हे मला कळलं, कारण तू हे केलंस आणि माझा सल्ला ऐकला नाहीस. पुढच्याच वचनात अमस्या मसलत करतो आणि इस्राएलचा राजा योवाश याला लढाईचं आव्हान पाठवतो. बेथ-शेमेश इथे तो हरतो, कैद होतो आणि यरुशलेमेचा चारशे हात तट पाडला जातो.

हा भाग २ इतिहास २५:१६-१७ इथे आहे. मराठीत सांगताना आपण मंत्री, ठरवणं, सल्ला आणि मसलत असे चार शब्द वापरले. मूळ हिब्रूत चारही जागी एकच धातू आहे: योएत्स (मंत्री), याअत्स (ठरवलं), अत्साती (माझा सल्ला), वय्यिव्वाअत्स (आणि त्याने मसलत केली). लेखकाने हे मुद्दाम केलं आहे यात मला शंका वाटत नाही. राजा नेमलेल्या मंत्र्याखेरीज कुणाचा सल्ला मानत नाही, देवाचा ठराव त्याच्यावर झालेला आहे, आणि तरीही तो पुन्हा मसलतीला बसतो. भाषांतरात हे सगळं निसटतं. भाषांतरकाराचा त्यात दोष नाही, कारण मराठीत एकच शब्द चारही ठिकाणी बसत नाही.

आता धातूकडे. अक्षरं तीन: योद, अयिन, त्सादे. देवनागरीत 'याअत्स' लिहिलं तरी मधला अयिन हा घशातून येणारा व्यंजनवर्ण आहे, स्वर नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं. शेवटचा त्सादे आज इस्राएलमध्ये ज्या तऱ्हेने उच्चारतात तो आपल्या 'चोर' किंवा 'चाक' मधला च. 'चहा' मधला नव्हे. प्राचीन काळी हा उच्चार जोरकस स सारखा असावा, पण वाचनासाठी आजचा उच्चार पुरे.

शिकणाऱ्याला पहिली अडचण कोशात येते. हा धातू योदने सुरू होतो, आणि असे धातू आपलं पहिलं अक्षर टिकवत नाहीत. त्या योदच्या जागी मुळात वाव (व) हे अक्षर होतं. हिब्रू क्रियापदाच्या निफाल या प्रकारातल्या 'यिव्वाअत्स' मध्ये तो वाव दुहेरी होऊन वर येतो. 'मोएत्सा' (बेत, मनसुबा) या नामात त्याचा ओकार झालेला दिसतो. 'एत्सा' (सल्ला, योजना) या नामात तर पहिलं अक्षर पूर्णच गळतं आणि शब्द अयिनने सुरू होतो. यादा (जाणणं) पासून देआ (ज्ञान) होतं, तीच ही रीत. 'एत्सा'ला षष्ठीचा जोड लागला की 'अत्सत' होतं: 'अत्सत रशाईम', दुर्जनांची मसलत. अयिनने सुरू होणारा असा शब्द दिसला आणि अयिनच्या पानावर मूळ सापडलं नाही, तर योदकडे वळायचं.

बायबलातल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या अनुक्रमणिकेने शोधणाऱ्यांसाठी क्रमांक असे: धातू ३२८९, एत्सा ६०९८, मोएत्सा ४१५६. आज्ञार्थ मात्र वेगळा पडलेला सापडेल. 'उत्सू' (मसलत करा) हे रूप शास्ते १९:३० आणि यशया ८:१० इथे येतं, आणि कोश ते 'ऊत्स' अशा जोडधातूखाली, क्रमांक ५७७९ ला देतात. फक्त ३२८९ घेऊन यादी काढली तर यशयातलं एक अत्यंत महत्त्वाचं वचन हातून जातं.

धातू जुन्या करारात सुमारे ८० वेळा येतो. बहुतेक वेळा काल या साध्या प्रकारात. निफालमध्ये बावीसेक वेळा, त्यातली काही १ राजे १२ आणि २ इतिहास १० या एकाच कथेच्या दोन प्रतींतली. हिथ्पाएल या तिसऱ्या प्रकारात फक्त एकदा, स्तोत्र ८३ मध्ये.

भाऊबंद भाषांत पाहिलं तर अरबीत 'वअज' आहे, म्हणजे उपदेश करणं, कान उघडणं. उर्दू गझल ऐकणाऱ्यांना त्यातला वाइज, म्हणजे उपदेशक, चांगला ओळखीचा असतो. अरामीत हाच धातू त्सादेऐवजी तेत हे अक्षर घेऊन येतो. एज्रा ७:१४ इथे पर्शियाच्या राजाचे सात मंत्री आहेत, त्यांना अरामीत 'याअतोही' म्हटलं आहे, आणि दानीएल ६ मध्ये अधिकारी एकत्र येऊन दानीएलविरुद्ध फर्मान काढायचं ठरवतात तिथेही हाच धातू. हिब्रू त्सादे, अरामी तेत आणि अरबीतलं 'ज़ा' हे अक्षर यांची सांगड सेमिटिक भाषांत नेमाने जुळते, म्हणून नातं पक्कं आहे. अर्थ मात्र अरबीतून उचलून हिब्रूत घालायचा नाही. हिब्रू योएत्स प्रवचन देत नाही. तो राजाशेजारी बसून पुढे काय करायचं ते सांगतो.

इथे या धातूचा गाभा सापडतो. आपण सल्ला देणं आणि निर्णय घेणं या दोन गोष्टी मानतो. सल्लागार सांगतो, मालक ठरवतो. 'याअत्स'मध्ये ही भिंत नाही. कृतीकडे निघालेला विचार म्हणजे याअत्स. तो दुसऱ्यापुढे मांडला तर सल्ला, चौघांनी मिळून केला तर मसलत, शत्रूविरुद्ध गुप्तपणे केला तर कट, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने मनाशी पक्का केला तर ठराव. मराठीत याच्या सर्वांत जवळ जातो तो 'मसलत', कारण मसलत चांगल्या हेतूचीही असते आणि कुणाच्या मुळावर येणारीही. स्तोत्र १:१ च्या प्रचलित मराठी भाषांतरात 'दुर्जनांच्या मसलतीने चालत नाही' असं आहे. 'सल्ल्याने' म्हटलं असतं तर वाटलं असतं की दुर्जन येऊन काही सुचवतात आणि हा ऐकत नाही. मूळ अर्थ त्याहून रुंद आहे: त्यांचे बेत, त्यांची कामाची दिशा.

'मसलतीने चालणं' हाही हिब्रूतला ठरलेला प्रयोग आहे. अथल्येचा मुलगा अहज्या अहाबाच्या घराण्याच्या मसलतीने चालला असं २ इतिहास २२:५ सांगतं, आणि लगेच पुढे तो योरामाबरोबर रामोथ-गिलादावर लढाईला निघतो. चालणं म्हणजे ऐकलेलं अंमलात आणणं. याच ठिकाणी, २२:३ मध्ये, अथल्या मुलाची योएत्स होती असं म्हटलं आहे. योएत्सचं स्त्रीलिंगी रूप बायबलमध्ये हेच. दुर्दैवाने ती सल्ला देते तो दुष्कर्माचा.

एखाद्या वचनात नेमका कोणता अर्थ घ्यायचा? कर्ता पाहण्याआधी क्रियापदाच्या पाठीमागे काय लागलं आहे ते पाहावं. धातूला थेट व्यक्तीचा प्रत्यय लागला असेल तर अर्थ साधा: त्याला सल्ला देणं. निर्गम १८:१९ मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, म्हणतो, 'शमा बकोली, ईआत्सखा', माझं ऐक, मी तुला सल्ला देतो. संपूर्ण बायबलमध्ये हा धातू पहिल्यांदा येतो तो इथे, सासऱ्याच्या तोंडी. सल्लाही भारी व्यवहारी आहे: सगळे तंटे एकट्याने सोडवत बसू नकोस, हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर अधिकारी नेम. पुढे २३ व्या वचनात तो देवाची आज्ञा असेल तर असं कर, असंही जोडतो.

धातूबरोबर त्याचंच नाम आलं, 'याअत्स एत्सा', तर जोर वाढतो. मराठीत 'डाव खेळणं' म्हणण्याऐवजी 'खेळ खेळणं' म्हणावं तशी ही रचना. १ राजे १:१२ मध्ये नाथान बथशेबेला म्हणतो की चल, मी तुला एक मसलत देतो, म्हणजे तू स्वतःचा आणि तुझ्या मुलाचा जीव वाचवशील. दावीदाचा दुसरा मुलगा अदोनीया राजा होऊन बसलेला आहे, वेळ थोडा आहे, आणि नाथानाचा सल्ला म्हणजे कुणी आधी दावीदाकडे जायचं, काय बोलायचं, मागून कुणी येऊन दुजोरा द्यायचा याची आखणी आहे.

पुढे 'अल' (वर) हे अव्यय आलं तर बहुधा अर्थ 'विरुद्ध बेत करणं'. २ शमुवेल १७:२१ मध्ये दावीदाला निरोप येतो, ताबडतोब नदी ओलांडा, कारण अहीथोफेलाने तुमच्यावर असा असा बेत केला आहे. 'बहुधा' हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे, अपवाद पुढे येईल. 'एल' (कडे) दोन्ही बाजूंनी जातं: यिर्मया ४९:२० मध्ये परमेश्वराने अदोमाविषयी केलेली योजना 'एल'ने येते आणि ती विरुद्धच आहे, पण २ इतिहास २०:२१ मध्ये यहोशाफाट लोकांशी विचारविनिमय करतो तेही 'एल'नेच, आणि त्यातून तो सैन्यापुढे गाणारे उभे करतो. 'एथ' किंवा 'इम' (सोबत) आलं की मसलत करणाऱ्यांची बैठक आहे, आणि तिथे धातू जवळपास नेहमी निफालमध्ये असतो.

निफालचं उदाहरण म्हणून १ राजे १२ वाचावं, शक्य तर हिब्रू मजकूर शेजारी ठेवून. शलमोन गेला, त्याचा मुलगा रहबाम शखेमला आला, लोक म्हणाले की बापाने घातलेलं जू हलकं कर. त्याने तीन दिवस मागितले. मग तो वडीलधाऱ्यांशी मसलत करतो: 'एख अत्तेम नोआत्सीम', या लोकांना उत्तर देण्याविषयी तुमची काय मसलत आहे? ते सांगतात की आज तू यांचा सेवक हो, ते कायम तुझे सेवक राहतील. तो ती मसलत सोडून देतो. इथे क्रियापद आहे 'आझव', टाकून देणं. मग तो सोबत वाढलेल्या तरुणांकडे जातो आणि जवळजवळ तोच प्रश्न विचारतो, पण एक फरक आहे. वडिलांना विचारताना 'उत्तर देण्याविषयी' असं अनामिक रूप होतं. तरुणांना विचारताना तो म्हणतो, 'वनाशीव दावार', म्हणजे आपण काय उत्तर द्यावं? वडील 'तुम्ही' राहिले, सवंगडी 'आपण' झाले. निर्णय कुठे झाला ते या एका रूपात कळतं, सल्ला ऐकण्याच्या आधीच.

कथाकार या सवंगड्यांना 'यलादीम' म्हणतो, शब्दशः पोरं. रहबाम गादीवर बसला तेव्हा ४१ वर्षांचा होता (१ राजे १४:२१), म्हणजे सोबत वाढलेली ही 'पोरं' चाळिशीची. निवड जुन्या आणि नव्या पिढीतली नव्हती, पोक्त आणि पोरकट मसलतीतली होती. याच अध्यायाच्या २८ व्या वचनात फुटून निघालेल्या उत्तरेचा राजा यराबामही मसलत करतो आणि सोन्याची दोन वासरं घडवून एक बेथेलला, एक दानला बसवतो. त्याने कुणाशी मसलत केली ते सांगितलेलंच नाही. असा जोडीदाराविना आलेला निफाल 'मनाशी ठरवलं' या अर्थाकडे झुकतो. अमस्याचाही तसाच आहे.

अहीथोफेल हा दावीदाचा योएत्स, म्हणजे दरबारातलं नेमलेलं पद. १ इतिहास २७:३२-३४ मध्ये दावीदाच्या अधिकाऱ्यांत त्याचं नाव आहे. तो दावीदाच्या बंडखोर मुलाला, अबशालोमाला, जाऊन मिळाला. त्याची मसलत देवाला विचारून मिळालेल्या उत्तरासारखी मानली जाई असं २ शमुवेल १६:२३ सांगतं. त्याचा बेत सोपा होता: १२,००० माणसं द्या, आजच रात्री निघतो, दावीद थकलेला आहे, एकट्या राजाला मारतो, बाकीचे परत येतील. दावीदाचा माणूस हूशय मुद्दाम उलटी मसलत देतो: दानपासून बैर-शेबापर्यंत सगळा इस्राएल गोळा करा आणि तुम्ही स्वतः निघा. अबशालोमाला ती आवडते. मग १७:१४ मध्ये कथाकार सांगतो की अबशालोमावर अरिष्ट यावं म्हणून परमेश्वराने अहीथोफेलाची 'चांगली' मसलत मोडायचं ठरवलं होतं. 'चांगली' इथे कामाची, यशस्वी होणारी या अर्थाने. बंडखोर मुलाला बापाच्या खुनाचा बेत देणं नीतीने चांगलं कसं असेल? एत्सेचं माप तिथे परिणामाचं आहे. १७:२३ मध्ये आपली मसलत 'केली गेली नाही' हे पाहून अहीथोफेल गाढवावर खोगीर घालतो, गावी जातो, घरची निरवानिरव करतो आणि गळफास घेतो. मसलत ऐकली गेली नाही असं वाक्य नाही, केली गेली नाही असं आहे. एत्सा ही करायची गोष्ट आहे.

म्हणूनच एत्सेच्या सोबत येणारी क्रियापदं नीट ओळखून ठेवावीत. मसलत 'उभी राहते' (कूम) किंवा 'मोडली जाते' (हेफेर). करार मोडण्यासाठीही हिब्रूत हाच हेफेर वापरतात. ही जोडी हाती आली की यशया उलगडतो, कारण या ग्रंथात याअत्सचा सर्वांत घट्ट वापर आहे. इ.स.पू. ७३५-७३४ च्या सुमारास अराम (सीरिया) आणि एफ्राईम (उत्तरेकडचं इस्राएल) एकत्र येऊन यहूदावर चढाई करतात, अहाज राजाला काढून ताबेलाच्या मुलाला बसवायचा त्यांचा डाव आहे. यशया ७:५ मध्ये अरामाने 'तुझ्याविरुद्ध वाईट योजलं आहे', याअत्स. ७:७ मध्ये देवाचं उत्तर: ते उभं राहणार नाही. ८:१० मध्ये राष्ट्रांना आव्हान: 'उत्सू एत्सा वतुफार', करा मसलत, ती मोडेल. १४:२४-२७ मध्ये बाजू पालटते आणि परमेश्वर स्वतः कर्ता होतो: मी योजलं तसंच उभं राहील, सेनाधीश परमेश्वराने ठरवलं, मोडणार कोण? २३:८ मध्ये प्रश्न येतो, सोर नगरीविषयी हे कुणी योजलं? ९ व्या वचनात उत्तर: परमेश्वराने. कर्ता देव असला की 'सल्ला दिला' हे भाषांतर चालतच नाही. ४०:१३-१४ मध्ये तर उलट विचारलं आहे, त्याने कुणाशी मसलत केली की त्याला समज आली? निफाल वापरून, आणि अपेक्षित उत्तर 'कुणाशीच नाही'.

४६:११ मधला एक शब्दप्रयोग वाचकाला अडवतो. पूर्वेकडून हिंस्र पक्षी, दूर देशातून 'ईश अत्साती' बोलावतो, असं देव म्हणतो. बहुतेक अभ्यासक इथे पर्शियाचा कोरेश पाहतात. 'माझ्या सल्ल्याचा माणूस' असं शब्दशः केलं तर वाटेल कोरेश देवाचा सल्लागार आहे. अर्थ आहे माझी योजना पार पाडणारा.

आता यशया ९:६, हिब्रू क्रमांकाने ९:५. जन्मलेल्या मुलाची नावं: 'पेले योएत्स', आपल्या बायबलात 'अद्भुत मंत्री'. पेले हे विशेषण नाही, नाम आहे: अद्भुत गोष्ट, देवाने केलेलं अचाट काम. काही जुन्या इंग्रजी छापील प्रतींत दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम घालून दोन नावं केलेली दिसतात. मराठीने ती एकत्र ठेवली हे योग्य केलं, कारण पुढची तिन्ही नावंही दोन-दोन शब्दांची आहेत. शिवाय पेलेचा धातू आणि एत्सा ही जोडी यशयात आणखी दोनदा येते: २५:१ मध्ये देवाने अद्भुत कृत्यं, दूरच्या काळापासूनच्या योजना पार पाडल्या, आणि २८:२९ मध्ये त्याची मसलत अद्भुत आहे. तेव्हा अर्थ 'ज्याच्या योजना अद्भुत असतात तो'. सत्तर अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भाषांतरात इथे 'महान मसलतीचा दूत' असं आहे, म्हणजे त्या भाषांतरकारांनाही योजनेचाच अर्थ दिसला.

हे वचन वाचून मन हलकं करणारा समुपदेशक डोळ्यांसमोर आणणं ही आजची फार पसरलेली चूक आहे. प्रवचनांत ती वारंवार ऐकू येते. दिलासा बायबलमध्ये भरपूर आहे, पण त्यासाठी 'नाहम' हा वेगळा धातू आहे. योएत्स राज्यकारभाराचा माणूस. लगतच्या नावांत 'समर्थ' आणि 'अधिपती' आहेत, आणि ११:२ मध्ये 'एत्सा आणि पराक्रम यांचा आत्मा' अशी जोडी आहे: योजना करण्याची बुद्धी आणि ती पार पाडण्याचं बळ.

दुसरी चूक शब्दसाधर्म्याची. 'एत्स' म्हणजे झाड, 'एत्सा' म्हणजे सल्ला, म्हणून सल्ला झाडासारखा मुळं धरणारा, अशी व्युत्पत्ती मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं आहे, नातं नाही. उलट यामुळे गोंधळ होतो तो यिर्मया ६:६ मध्ये, जिथे याच अक्षरांचा अर्थ झाडंच आहे: यरुशलेमेला वेढा घालायला झाडं तोडा. लेवीय ३:९ मध्ये तीच अक्षरं मेंढराच्या पाठीच्या कण्यासाठी येतात. संगणकावर अक्षरं टाकून शोध घेतला की ही दोन्ही वचनं यादीत घुसतात. ती हाताने काढावी लागतात.

'अल'चा अपवाद म्हणालो तो स्तोत्र ३२:८. 'ईआत्सा आलेखा एनी.' आधी दोन क्रियापदं शिकवण्याची आहेत, मग हे. 'तुझ्याविरुद्ध बेत करीन' असा अर्थ इथे शक्य नाही. 'अल' इथे डोळ्याशी जोडलेलं आहे: मी सल्ला देईन, माझी नजर तुझ्यावर असेल. ग्रीक भाषांतरात 'मी माझे डोळे तुझ्यावर रोखीन' असं आहे, त्यांनी बहुधा हे क्रियापद दुसऱ्याच धातूचं मानलं. मला हिब्रू मजकूर आहे तसाच ठेवणं पटतं, कारण शिकवणं, वाट दाखवणं आणि सल्ला देणं ही चढती ओळ त्यात नीट लागते.

गणना २४:१४ अजून अवघड. भविष्य सांगणारा बलाम मवाबाचा राजा बालाक याला म्हणतो, 'ईआत्सखा', आणि पुढे सांगतो काय, तर हे लोक शेवटल्या दिवसांत तुझ्या लोकांचं काय करतील. हा सल्ला नव्हे, भाकीत आहे. यहूदी भाष्यकार राशी (१०४०-११०५) म्हणतो की वाक्य इथे तोकडं आहे, खरा सल्ला न लिहिलेला आहे, आणि तो पुढे मवाबी स्त्रियांच्या प्रकरणात दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे 'ठरलेली गोष्ट तुला सांगतो' असा अर्थ घेणं. एत्सा म्हणजे देवाची ठरलेली योजना हा अर्थ एकदा मान्य केला की हे वाचन ओढूनताणून वाटत नाही.

शेजारी शब्दही वेगळे ठेवायला हवेत. 'सोद' म्हणजे विश्वासातल्या माणसांची आतली बैठक, किंवा तिथलं गुपित. 'महशावा' म्हणजे मनातला बेत, अजून कुणापुढे न मांडलेला. 'तहबुलोथ' म्हणजे डावपेच, दिशा देण्याचं कौशल्य, हा शब्द सहाच वेळा येतो. नीतिसूत्रे १५:२२ मध्ये यातले बरेच एका ओळीत भेटतात: सोद नसेल तर महशावोथ मोडतात, योएत्स पुष्कळ असतील तर ते उभे राहतात. हेफेर आणि कूम ही जोडीसुद्धा हजर. हे एक वचन पाठ केलं तर अर्धा शब्दसंग्रह हाती येतो. पण पुष्कळ सल्लागार म्हणजे आपोआप यश, असा नियम त्यातून काढू नये. एज्रा ४:५ मध्ये यहूद्यांची योजना मोडण्यासाठी शत्रू पैसे देऊन योएत्स ठेवतात, आणि तेही एकाहून जास्त.

बायबलनंतर शब्द माणसांच्या मंडळाकडे सरकतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत १९४७ पासून सापडत गेलेल्या गुंडाळ्यांपैकी समुदायाच्या नियमांच्या गुंडाळीत 'अत्सत हय्याहद' म्हणजे समुदायाची सभा, आणि एका ठिकाणी तिचे सदस्य बारा माणसं आणि तीन याजक असे मोजून सांगितले आहेत. आजच्या इस्राएलमध्ये 'योएत्स' हा कुठल्याही कचेरीतला सल्लागार आणि 'मोएत्सा' म्हणजे परिषद, गावची असो वा संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. बायबलमध्ये एकदाच आलेलं हिथ्पाएल रूप आता 'सल्ला घेणं' यासाठीचं रोजचं क्रियापद झालं आहे. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांत आजोबांच्या तोंडी मसलत आणि नातवंडांच्या तोंडी मोएत्सा असं होणं साहजिक आहे. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाटही जुनी आहे: जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२ सालचं, आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंत पंडिता रमाबाई केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या.

सगळी पद्धत एका ठिकाणी वापरून पाहायची तर स्तोत्र ८३ घ्यावं. आधी क्रमांक: हिब्रूत शीर्षकाला पहिलं वचन धरतात, म्हणून मराठीतलं ३ रं वचन हिब्रूत ४ थं. तिथे शत्रू देवाच्या लोकांविरुद्ध कपटाने 'सोद' करतात आणि 'यित्याअत्सू', हेच ते एकमेव हिथ्पाएल. पुढे 'अल' आहे, कर्ता अनेकवचनी शत्रू आहे, आणि शेजारी सोद आहे. तिन्ही खुणा कटाकडे बोट दाखवतात. मराठी ५ व्या वचनात निफाल येतो: 'नोआत्सू लेव यहदाव', एका मनाने एकत्र मसलत केली. हे रूप अजून चर्चा चाललेली दाखवतं की निर्णय झालेला? उत्तर त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे: तुझ्याविरुद्ध ते करार करतात. करारापर्यंत गेलेली मसलत ठरलेली असते, म्हणून 'विचारविनिमय केला' हे भाषांतर इथे फिकं पडतं आणि 'एकजुटीने कट रचला' हे बसतं. पुढच्या तीन वचनांत त्या करारातली दहा नावं ओळीने येतात: अदोम, इश्माएली, मवाब, हगारी, गबाल, अम्मोन, अमालेक, पलेशेथ, सोर आणि त्यांना हात देणारा अश्शूर.